पाईनच्या लागवडीखाली गवत का टिकत नाही: सव्हाना रिव्हर साइटचं प्रकरण

पाईनच्या दाट लागवडीत शिरलं की पहिल्यांदा जाणवतं ते खालचं रिकामेपण. सरळ रांगेत खोडं, खाली तपकिरी सुयांचा, म्हणजे पाईनच्या सुईसारख्या पानांचा, जाड थर, आणि हिरवं म्हणाल तर इकडे तिकडे एखादं झुडूप. कारण विचारलं की जवळपास सगळे एकच सांगतात, सावली आहे ना, मग खाली काय उगवणार. हे उत्तर इतकं सहज पटतं की पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही. पण सावली हा कारणाचा साधारण अर्धा भाग आहे, उरलेलं कारण मातीखाली आहे, सुयांच्या थरात आहे, आगीत आहे, आणि त्या जमिनीवर आधी नांगर फिरला होता का नाही यात पण आहे. हे सगळं एका ठिकाणी बऱ्यापैकी सुटं करून बघितलं गेलं, ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतली सव्हाना रिव्हर साइट. म्हणून तेच प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

जागा कशी होती

साउथ कॅरोलायना राज्यात एकेन गावाजवळ, सव्हाना नदीच्या काठी, सुमारे 310 चौरस मैलांचा म्हणजे 800 चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये अमेरिकी सरकारनं जाहीर केलं की अण्वस्त्रांसाठी लागणारं प्लुटोनियम आणि ट्रिटियम बनवायला ही जमीन घेणार. एलेंटन आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या सुमारे 6000 लोकांना घरदार सोडून जावं लागलं. त्या लोकांचं दुःख हा वेगळाच विषय आहे आणि तो लहान नाही, पण इथे एवढंच लक्षात घ्यायचं की वर्षानुवर्षं कसलेली शेतं एकदम पडीक झाली. 1951 पासून पर्यावरणशास्त्रज्ञ युजीन ओडम यांनी तिथे पडीक शेतांवर काय काय उगवत जातं याचा अभ्यास सुरू केला, 1952 पासून यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिसनं त्याच शेतांवर पाईन लावायला घेतले, आणि 1972 मध्ये हा पट्टा देशातला पहिला राष्ट्रीय पर्यावरण संशोधन पार्क म्हणून जाहीर झाला. म्हणजे एका बाजूला रिअ‍ॅक्टर, दुसऱ्या बाजूला मैलोनमैल पाईन, आणि बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. संशोधनासाठी हे फार सोयीचं ठरलं, कारण आज आखलेला प्लॉट 20 वर्षांनी पण जागेवर सापडायची शक्यता चांगली.

माती बरीचशी वाळूची. वर्षाला साधारण 1200 मिमी पाऊस पडतो, हा आकडा ऐकून वाटतं पाण्याची काय कमी, पण वाळूत पाणी थांबत नाही, पाऊस गेला की वरचा थर भराभर कोरडा पडतो. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

इथला मूळचा पाईन म्हणजे लाँगलीफ, शास्त्रीय नाव पायनस पॅलस्ट्रिस. एकेकाळी अमेरिकेच्या आग्नेय भागात सुमारे 9 कोटी एकरांवर लाँगलीफचीच जंगलं होती, 1990 च्या दशकापर्यंत त्यातली साधारण 30 लाख एकर उरली. लाकूडतोड, राळ काढणं, शेती, डुकरांनी रोपं खाणं, आगी विझवत राहायचं धोरण, आणि लवकर वाढतात म्हणून त्या जागी लॉबलॉली आणि स्लॅश पाईन लावणं, असं सगळं मिळून हे झालं. पण मला खटकतं ते वेगळंच. झाड गेलं तर ते परत लावता येतं, नर्सरीत रोपं मिळतात. या जंगलाची खरी श्रीमंती जमिनीलगत होती. चांगल्या टिकलेल्या लाँगलीफ जंगलात एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या 40 पर्यंत जाती मोजल्या गेल्यात, एका चौरस मीटरमध्ये! गवतं, शेंगावर्गातल्या वेली आणि रोपं, सूर्यफुलाच्या कुळातली रोपं, छोटे कंद. 1980 च्या दशकात या पट्ट्यात लाँगलीफची लागवड झाली, झाडं जोमानं वाढली पण, आणि खाली मात्र हे काहीच आलं नाही.

प्रश्न नेमका काय होता

रोपवनाखालच्या वनस्पतींच्या निशवर (इंग्रजीत niche, म्हणजे एखादी जात कुठल्या परिस्थितीत, कशाच्या आधारे जगते ती तिची जागा) खूप लिहिलं जातं आणि त्यातलं बरंचसं एकाच साच्यातलं असतं. ठरावीक आकाराचे चौकोन आखायचे, प्रत्येकात कुठली जात किती ते मोजायचं, मग दोन निर्देशांक काढायचे. एक रिचर्ड लेव्हिन्स यांनी 1968 मध्ये मांडलेला निशच्या रुंदीचा. दुसरा पियांका यांचा, दोन जातींच्या निश एकमेकांवर किती चढतात याचा. लेव्हिन्सचा हिशोब सोपा आहे, जात कुठल्या परिस्थितीत किती प्रमाणात सापडते ते प्रमाण घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, आणि 1 ला त्या बेरजेनं भागा. समजा उजेडाचे तीन गट केलेत. एखादी जात तिन्हीत सारखीच सापडली तर उत्तर येतं 3. दुसरी 80 टक्के एकाच गटात आणि बाकी दोन्हीत 10-10 टक्के असेल तर उत्तर येतं साधारण 1.5. म्हणजे पहिली सगळीकडे जुळवून घेणारी, दुसरी चोखंदळ. वर्णन म्हणून हे उत्तमच आहे, मी पण वापरतो.

पण या आकड्यावरून कारण काढायला गेलं की घोळ होतो. हचिन्सन यांनी 1957 मध्ये निश मांडली ती अनेक अक्षांवरची जागा म्हणून, उजेड एक अक्ष, पाणी एक, नायट्रोजन एक, असं. आणि त्यांनी फरक पण केला, की एखादी जात एकटी असती तर कुठे कुठे जगली असती ती तिची मूलभूत निश, आणि बाकीच्यांच्या धक्काबुक्कीनंतर प्रत्यक्षात कुठे उरते ती वास्तव निश. चौकोन मोजून आपल्याला दिसते फक्त दुसरी. रिकाम्या जागेत ती जात नाही म्हणजे ती तिथे जगूच शकत नाही, का तिला कोणी जगू देत नाही, का ती तिथवर पोचलीच नाही, हे मोजणी सांगत नाही. दोन जातींच्या निश खूप चढतात म्हणून त्यांच्यात जोरदार स्पर्धा आहे असं बिनदिक्कत लिहिलं जातं, पण दोघी एकत्र सुखानं राहतात असा पण त्याच आकड्याचा अर्थ निघू शकतो.

त्यात पाईनखाली आणखी एक अडचण. जिथे झाडं दाट तिथे सावली जास्त, तिथेच मुळं पण जास्त, आणि तिथेच सुया पण जास्त पडतात. तिघं एकाच वेळी बोलत असले की कोण काय म्हणालं ते कळत नाही, तसं आहे हे. कितीही चौकोन मोजा, तिन्ही गोष्टी हातात हात घालून वर-खाली होणार आणि श्रेय जाणार सावलीला, कारण ती डोळ्यांना दिसते.

काय केलं

1998 च्या शरद ऋतूत, एकेनजवळच्या या पट्ट्यात 13 ते 15 वर्षांच्या तीन लाँगलीफ लागवडी निवडल्या गेल्या. न विरळलेल्या लागवडीत खोडांचं छेदक्षेत्र हेक्टरी 19.5 चौरस मीटर होतं. हे माप वनखात्यात रोजचं आहे, छातीच्या उंचीवर सगळी खोडं आडवी कापली असं धरून त्या चकत्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज, त्यावरून झाडोरा किती भरलाय ते कळतं. मग विरळणी अशी केली की कुठे हे पूर्ण 100 टक्के ठेवलं, कुठे 50, कुठे 25, आणि कुठे 0, म्हणजे एकही पाईन नाही. झाडांच्या शेंड्यांचं छत्र वरचं आकाश किती झाकतंय ते मोजलं तर 0 पासून 81 टक्क्यांपर्यंत फरक पडला.

इथपर्यंत काही विशेष नाही, विरळणीचे प्रयोग ढिगानं झालेत. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक प्लॉटच्या आत काही तुकड्यांभोवती चर खणून पाईनची मुळं तोडली आणि काही तुकडे तसेच सोडले. आणि त्याच्या जोडीला काही तुकड्यांवर सुयांचा थर, काहींवर नाही. अशा सगळ्या जोड्या केल्या, आणि प्रत्येकात 14 बहुवर्षायू जातींची कुंड्यांत वाढवलेली रोपं लावली, शिवाय लाँगलीफची पण.

आता एक तुकडा जवळून डोळ्यासमोर आणा. वर पूर्ण दाट छत्र आहे, तुकड्याभोवती चर आहे, आतल्या वाळूत पाईनचं एकही जिवंत मूळ नाही. या रोपाला सावली पूर्ण मिळतेय पण त्याचं पाणी कोणी पळवत नाहीये. हातभर अंतरावर दुसरा तुकडा, सावली तेवढीच, पण चर नाही, म्हणून माती पाईनच्या बारीक मुळांनी भरलेली. दोन्हीत एकच जात, एकाच वयाची रोपं. त्यांच्या वाढीत जो फरक पडेल तो मुळांचा, सावलीचा असूच शकत नाही. आणि चर असलेलेच तुकडे दाट आणि विरळ प्लॉटमध्ये ताडून बघितले तर उरतो वरचा परिणाम, म्हणजे मुख्यतः उजेडाचा. सुयांचं पण तसंच. प्रयोगाची ही रचना मला फार आवडते, साधी कुदळ-फावड्याची कामं आहेत, पण प्रश्न नीट सुटा केलाय.

काय निघालं

वरच्या स्पर्धेमुळे लावलेल्या जातींचं आच्छादन, म्हणजे त्यांनी झाकलेली जमीन, सरासरी 16.5 टक्क्यांनी घटलं, आणि खालच्या म्हणजे मुळांच्या स्पर्धेमुळे 14.1 टक्क्यांनी. थांबून हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सगळं खापर ज्या सावलीवर फोडलं जातं, तिच्या जवळपास बरोबरीनं मुळं रोपांना मागे खेचत होती, आणि ते कोणाच्या नजरेत येत नव्हतं. मातीतलं पाणी आणि रोपांना मिळू शकणारा नायट्रोजन हे दोन्ही पाईनच्या घनतेप्रमाणे आणि चरांप्रमाणे बदलत गेले, म्हणजे यंत्रणा पण समोरच आहे. वाळूच्या जमिनीत वरच्या थरातच बारीक मुळांची गर्दी असते, गवताची मुळं पण तिथेच, रोपट्याची तर नक्कीच तिथे. पाऊस पडला की ज्याचं मुळांचं जाळं मोठं तो आधी पितो.

एक शंका मात्र घ्यायला हवी. चर खणला की तोडलेली मुळं आतच कुजतात आणि त्यातून थोडा नायट्रोजन सुटतो, हा चरांच्या सगळ्याच प्रयोगांचा जुना दोष आहे. म्हणून चराचा फायदा पूर्णपणे स्पर्धा हटल्याचा असं डोळे झाकून धरू नये. पण मातीतलं पाणी वाढलं त्याला ही शंका लागू होत नाही, आणि वाळूत पाणी हाच मोठा प्रश्न आहे, त्यामुळे एकूण निष्कर्ष मला पक्का वाटतो.

सुयांचा निकाल तर सगळ्यात बोलका. काही जातींना सुयांच्या थरानं फायदा झाला, काहींना तोटा, काहींना काहीच फरक नाही. सरासरी काढली असती तर सुयांचा परिणाम नगण्य असं लिहून फाईल बंद झाली असती. पण निशचा अभ्यास इथेच सुरू होतो, कारण एकाच छताखाली राहणाऱ्या जाती एकाच अक्षावर वेगवेगळ्या बाजूंना उभ्या आहेत हेच तर यातून दिसतं.

असं का होत असेल ते समजायला लाँगलीफची सुई हातात घेतल्यासारखी बघायला हवी. तीन-तीनच्या जुडीत येते, 20 ते 45 सेंटिमीटर लांब, वाळली की ताठ. जमिनीवर पडली की दुसऱ्या सुयांवर आडवी-तिडवी पडून जाळीदार गादी होते. ज्या रोपाची पानं जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरतात, त्याला ही गादी म्हणजे डोक्यावर झाकण, उजेड बंद. जे जमिनीखालच्या खोडानं पसरतं आणि टोकदार कोंब वर काढतं ते गादी भेदून येतं. बारीक बी असेल तर ते गादीत अडकतं, मातीला टेकतच नाही आणि वाळून जातं. पण रोप आधीच उभं असेल, पानं गादीच्या वर असतील, तर त्याच सुया त्याच्या बुंध्याशी ओल धरून ठेवतात आणि वाळूचं तापमान कमी ठेवतात. म्हणजे सुया चांगल्या का वाईट याचं उत्तर रोपाच्या बांध्यावर आणि वयावर ठरतं.

आणि उजेडाच्या बाबतीत पण सगळे सारखे नाहीत. इथली मुख्य गवतं, वायरग्रास आणि ब्लूस्टेम, ही सी-4 प्रकारची, म्हणजे भरपूर ऊन मिळालं की त्यांचं कार्बन बांधायचं यंत्र सगळ्यात जोरात चालतं, सावलीत तो फायदा संपतो. शेंगावर्गातल्या बऱ्याच जाती सी-3 प्रकारच्या, वर त्यांच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नायट्रोजन बांधला जातो. मग मातीतला नायट्रोजन पाईननं ओढून घेतला तर गवताचे हाल जास्त, शेंगावाल्यांचे कमी.

जे या प्रयोगात नव्हतं

कुंडीत वाढवलेलं रोप लावलं म्हणजे आयुष्याची सगळ्यात अवघड पायरी आपणच ओलांडून दिली. पीटर ग्रब यांनी 1977 मध्ये पुनरुत्पादनाची निश वेगळी काढून दाखवली होती, की मोठं झाड जिथे मजेत राहतं तिथे त्याचं बी रुजेलच असं नाही. वर सुयांबद्दल जे लिहिलं त्यात हे दिसतंच, उभ्या रोपाला मदत करणारी गादी बियाला मारते. त्यामुळे हा प्रयोग सांगतो की रोपं लावली तर कुठे जगतील, पण आपणहून कुठे येतील हे सांगायला दुसरीकडे बघायला लागतं.

आणि ते दुसरं उत्तर पण याच पट्ट्यात मिळालं. इथल्या जमिनीत एक अदृश्य रेघ आहे, कधी नांगरलेली आणि कधीच न नांगरलेली. दोन्हीवर आज पाईन उभे आहेत, वरून बघितलं तर फरक ओळखू येत नाही, पण खाली गुडघे टेकून बघितलं तर लगेच कळतो. न नांगरलेल्या जमिनीवर, झाडं तोडून परत वाढलेली असली तरी, वायरग्राससारख्या जाती जुन्या मुळांवर तग धरून असतात. नांगरलेल्या जमिनीवर अनेक दशकं गेली तरी परतत नाहीत. वायरग्रास शेकडो झुबक्यांनी पसरलेलं दिसतं पण बियांच्या जोरावर नवी जमीन जिंकणं त्याला जमत नाही, एकदा मुळासकट उपटलं की गेलं. जुन्या शेताच्या मातीत जे बी पडून असतं ते बहुतेक तणांचं. विरळणी करून ऊन आत सोडलं तर कुठल्या तरी वनस्पती वाढतात हे खरं, पण त्या शेताच्या बांधावरच्या. मूळच्या जातींचं बी बाहेरून आणून टाकलं तर विरळलेल्या जागी त्या येतात. म्हणजे त्यांची मूलभूत निश तिथे होतीच, त्या पोचल्या नव्हत्या.

पोचण्याचा प्रश्न किती मोठा आहे हे दाखवणारा प्रयोग 2000 मध्ये याच साइटवर उभा राहिला. दाट पाईन लागवडीच्या मधोमध हेक्टर-दीड हेक्टरचे मोकळे तुकडे करून तिथे लाँगलीफचं मोकळं जंगल परत आणायला घेतलं. काही तुकडे 150 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद पट्ट्यानं एकमेकांना जोडले, काही तुकडे सुटेच ठेवले. 18 वर्षं नोंदी ठेवल्या. जोडलेल्या तुकड्यांमध्ये दर वर्षी नव्या जाती येण्याचा वेग 5 टक्के जास्त होता, असलेल्या जाती नाहीशा होण्याचा वेग 2 टक्के कमी, आणि शेवटी जोडलेल्या तुकड्यांत जाती 14 टक्के जास्त भरल्या. वर्षाचा फरक एवढासा, पण साचत साचत एवढा झाला. ज्यांना दोन-तीन वर्षांच्या मोजणीवर निशबद्दल ठाम बोलायची घाई असते त्यांनी हे आकडे जरूर बघावेत असं मला मनापासून वाटतं.

आग

आगीबद्दल न बोलता हे प्रकरण अर्धवट राहील. लाँगलीफच्या जंगलात नैसर्गिकपणे दर काही वर्षांनी, बऱ्याच ठिकाणी दर 2-3 वर्षांनी, जमिनीलगतची आग फिरायची. उंच ज्वाळा नाहीत, गवत आणि सुया जाळत जाणारी आग. ती झुडपं मागे रेटते, सुयांची गादी साफ करते, माती उघडी पाडते. वायरग्रासचं तर असं आहे की वाढीच्या हंगामात, साधारण मे ते जुलैमध्ये, आग लागून गेली की ते त्याच वर्षी जोमानं फुलतं आणि बी धरतं, आग नसेल किंवा ऐन थंडीत जाळलं तर फुलणं अगदी तुटपुंजं. म्हणजे नुसती आग लागून भागत नाही, ती कुठल्या महिन्यात लागते तो पण निशचाच एक अक्ष आहे.

स्वतः लाँगलीफ बघा. याचं रोप पहिली काही वर्षं उंच होतच नाही, गवताच्या झुबक्यासारखं जमिनीला धरून बसतं, नवखा माणूस त्याला गवतच समजतो. मधला शेंडा लांब सुयांच्या दाट गुच्छात लपलेला असतो. आग आली की सुया जळतात, शेंडा वाचतो, आणि तोवर खाली सोटमूळ जाड होत असतं. आगीमुळे पानांवरचा तपकिरी ठिपक्यांचा रोग पण आटोक्यात राहतो. मग पुरेसा साठा झाला की एकदम सुटतं आणि काही वर्षांत ज्वाळांच्या आवाक्याबाहेर जातं. प्रयोगात 14 जातींच्या बरोबरीनं लाँगलीफचं रोप पण का लावलं ते यातून लक्षात येतं, त्या वयात पाईन स्वतःच जमिनीलगतच्या थराचा रहिवासी असतो, आणि त्याला पण मोठ्या पाईनखाली तोच जाच होतो.

मग करायचं काय

अभ्यासातून निघालेली शिफारस अशी की मूळच्या जाती परत आणायच्या तर त्या 0.1 ते 0.2 हेक्टरच्या मोकळ्या जागांमध्ये लावा, आणि तिथे वरची स्पर्धा, खालची स्पर्धा आणि सुया या तिन्हींचा त्रास कमी राहील अशी व्यवस्था ठेवा. गोल जागा धरली तर हे साधारण 36 ते 50 मीटर व्यासाचं वर्तुळ होतं. सगळीकडे सारखी हलकी विरळणी करणं हा जो नेहमीचा मार्ग आहे त्यापेक्षा हे वेगळं आहे. हलक्या विरळणीनं ऊन थोडं वाढतं पण उरलेल्या झाडांची मुळं रिकाम्या झालेल्या मातीत लगेच पसरतात, कारण मुळं काही छत्राच्या सावलीपुरतीच राहत नाहीत. म्हणजे वरून मोकळं दिसतं आणि खाली गर्दी तशीच. पूर्ण मोकळ्या वर्तुळाच्या मध्यभागी मुळं पण नाहीत आणि सावली पण नाही, रोपाला दोन्हीकडून श्वास मिळतो.

माझं मत विचाराल तर जागा निवडताना पहिला निकष नांगराची रेघ असायला हवी. न नांगरलेल्या, जुनी मुळं शिल्लक असलेल्या जमिनीवर आधी मोकळीक द्या, तिथे कमी खर्चात सगळ्यात जास्त परत येईल, आणि तिथूनच पुढे बी पसरेल. जुन्या शेतांवर नुसती झाडं काढून वाट बघण्यात अर्थ नाही, तिथे वायरग्रासची रोपं आणि शेंगावर्गाचं बी नेऊनच लावायला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे तो तुकडा जुन्या जंगलाच्या शिल्लक तुकड्याला पट्ट्यानं जोडायला पाहिजे. शिवाय ऊन सोडलं की ओक आणि स्वीटगमची झुडपं पण ताडताड वाढतात, त्यांना आवरलं नाही तर पाईनची सावली जाऊन झुडपांची येते, गवताच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही. छत्र विरळ करणं आणि झुडपं रोखणं ही दोन्ही कामं सोबतच करायला लागतात.

एक पेच मात्र उरतो आणि तो मला सगळ्यात रोचक वाटतो. मोकळी जागा जितकी मोठी तितक्या मध्यभागी सुया कमी पडणार. सुया कमी म्हणजे रोपांना सोपं, पण सुया हेच तर आगीचं इंधन. लाँगलीफच्या सुयांत राळ असते, त्या गवताच्या काड्यांवर अडकून जमिनीपासून उंच, कोरड्या, हवेशीर राहतात आणि आग पुढे नेतात. मध्यभागी सुया पण नाहीत आणि गवत पण अजून वाढलं नाही अशा वर्षांमध्ये आग तिथे पोचून मरते, झुडपं वाचतात, आणि दोन-चार वर्षांत तीच जागा बळकावतात. म्हणून वर्तुळ 0.1 ते 0.2 हेक्टरएवढंच ठेवण्यात मला आणखी एक शहाणपण दिसतं, कडेच्या झाडांच्या सुया थोड्याफार आतवर येत राहतात. आणि लावताना वायरग्रास आणि ब्लूस्टेमसारखी गवतं आधी आणि दाट लावावीत, शेंगावाली आणि फुलांची रोपं त्यांच्यामध्ये नंतर भरावीत, कारण गवताचे झुबके एकमेकांना टेकेपर्यंत मध्यभागातून आग सलग जात नाही आणि तोवर झुडपं हातानंच काढायला लागतात.